एकच ग्राफिक्स कार्ड व्हीएमला द्यायचं तर आधी काय, मग काय, अन् स्क्रीन काळी पडली की काय

पीसीत कार्ड एकच, प्रोसेसर 'एफ' वाला म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही, वर लिनक्स टाकलेलं, आणि तेच कार्ड व्हीएममधल्या, म्हणजे लिनक्सच्या आत चालणाऱ्या नकली पीसीतल्या, विंडोजला द्यायचंय. लातूर, परभणी, जालना इकडच्या ओळखीतल्या पाच-सहा जणांनी मला हेच करताना फोन लावले आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, "स्क्रीन काळी झाली, पीसी हँग झाला, बटण दाबून बंद केला." बगा, त्यातल्या बहुतेकांचा पीसी हँग झालेलाच नव्हता. स्क्रीन काळी पडणं हा या कामाचा ठरलेला टप्पा आहे, कारण तुमचा डेस्कटॉप ज्या कार्डावर दिसतो तेच कार्ड आपण त्याच्या हातातून काढून घेतोय.

आत काय होतं ते एवढं लक्षात ठेवा. डेस्कटॉप बंद होतो, मग काळा कन्सोल (नुसत्या अक्षरांची स्क्रीन) कार्ड सोडतो, मग ड्रायव्हर उतरतो, मग व्हीएफआयओ नावाचा ड्रायव्हर व्हीएमसाठी कार्ड धरतो आणि मग विंडोज उठतं. विंडोज बंद केलं की हेच सगळं उलट्या क्रमानं. यातली एक पायरी जरी मागंपुढं झाली तरी मधेच लटकतं. म्हणून क्रम सोडू नका.

सुरू करायच्या आधी दोन गोष्टी. तुमच्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स असेल तर हा लेख सोडा, मॉनिटर मदरबोर्डला लावा आणि दोन ग्राफिक्सवाली पद्धत वापरा, ती लई सोपी आहे. दुसरं, हे सगळं व्हॅलोरंट खेळण्यासाठी करत असाल तर करू नका, त्याचं अँटी-चीट व्हीएममध्ये चालू देत नाही. कोरलड्रॉ, ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंग, साध्या गेम, यांच्यासाठी मात्र चांगलं चालतं.

कमांड मी इथं उच्चाराप्रमाणं लिहितोय, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.

१. आधी फोनवरून पीसीत शिरायची वाट करा

हा टप्पा सगळे सोडतात आणि मग मला फोन करतात. स्क्रीन गेल्यावर आत काय चाललंय हे बघायला दुसरा डोळा पाहिजे आणि तो म्हणजे तुमचा मोबाईल. पीसीवर ओपन-एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून कमांड देता यायची सोय) टाका, तो बूटला आपोआप सुरू होईल असं करा, राउटरमध्ये पीसीचा आयपी पक्का करून ठेवा, मोबाईलवर टर्मक्स हे कमांड द्यायचं ॲप घ्या आणि त्यातून लॉगिन करून बघा.

आता खरी परीक्षा. डेस्कटॉप चालू असताना मोबाईलवरून 'सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप डिस्प्ले-मॅनेजर' द्या. डेस्कटॉप जाईल. मोबाईलवरचं कनेक्शन टिकलं का? टिकलं तर तीच कमांड 'स्टार्ट' लावून द्या, लॉगिन स्क्रीन परत यायला पाहिजे. उघड्या फायली सेव्ह करून मगच हे करा, कारण डेस्कटॉपसोबत सगळे प्रोग्राम बंद होतात, आणि पुढं रोज व्हीएम सुरू करताना पण होणार आहेत.

जालन्याला माझ्या एका मित्राचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकेचं दुकान आहे, त्याचं काम इथंच दोन दिवस अडकलं होतं. डेस्कटॉप बंद केला की मोबाईलवरचं कनेक्शन पण तुटायचं, म्हणून त्याला वाटायचं पीसीच मेला. मी दुकानात जाऊन बघितलं तर पीसी वायफायवर आणि त्या वायफायचा पासवर्ड फक्त त्याच्या युजरपुरता सेव्ह केलेला, म्हणजे युजर लॉगआउट झाला की वायफाय पण गेलं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'सगळ्या युजरसाठी' अशी खूण असते ती केली आणि झालं. जमत असेल तर सरळ लॅनची वायर लावा.

तपासा: डेस्कटॉप बंद असताना मोबाईलवरून कमांड चालते का. चालत नसेल तर पुढं जाऊच नका.

२. बायोस आणि कर्नल

इंटेलवर व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी हे दोन्ही चालू करा. एएमडीवर एसव्हीएम आणि आयओएमएमयू (कार्डासारखी वस्तू वेगळी काढून व्हीएमला द्यायची सोय). एएमडीच्या बऱ्याच बोर्डांवर आयओएमएमयू 'ऑटो' वर असतं, ते 'ऑटो' वर ठेवू नका, 'एनेबल्ड' करा. सीएसएम (जुनी बूट पद्धत) बंद, बूट यूईएफआयमधूनच. रिसायझेबल बार पहिल्यांदा बंद ठेवा, सगळं जमल्यावर चालू करून बघता येतं.

मग ग्रबच्या (लिनक्स बूट करणारा प्रोग्राम) कर्नल ओळीत, इंटेल असेल तर 'इंटेल-अंडरस्कोअर-आयओएमएमयू बरोबर ऑन', आणि दोघांनाही 'आयओएमएमयू बरोबर पीटी' टाका. एएमडीला पहिल्याची गरज नाही, बायोसमध्ये चालू असलं की कर्नल आपोआप घेतो. फाईल बदलून नुसतं रीस्टार्ट करणारे पण भेटलेत, ग्रब अपडेट केल्याशिवाय त्या बदलाला काही अर्थ नाही. उबंटू, डेबियन, मिंटवर 'अपडेट-ग्रब'. फेडोरावर 'ग्रबी' वापरा.

तपासा: रीस्टार्ट झाल्यावर 'सिस' मधल्या 'कर्नल' मधलं 'आयओएमएमयू-ग्रुप्स' हे फोल्डर उघडा. आत आकड्यांची फोल्डरं दिसली तर काम झालं, एकेक फोल्डर म्हणजे एकेक ग्रुप. रिकामं असेल तर परत बायोसमध्ये जा, बहुतेक वेळा चूक तिथंच असते.

३. कार्ड कुणासोबत एका ग्रुपमध्ये आहे ते बघा

'एलएसपीसीआय' ला एनएनके हे ऑप्शन लावून कार्डाचा पत्ता शोधा, बहुतेक पीसीत तो ०१:००.० असा काहीतरी असतो. त्याला लागूनच ०१:००.१ हा कार्डाचा एचडीएमआयवाला ऑडिओ. एनव्हीडियाच्या २० सिरीजच्या अनेक कार्डांत .२ आणि .३ पण असतात, ते यूएसबी-सी चे. एका कार्डाचे हे जेवढे भाग असतील तेवढे सगळेच्या सगळे व्हीएमला द्यायचे. नुसतं चित्राचं दिलं आणि ऑडिओ लिनक्सकडं ठेवला तर व्हीएम सुरूच होत नाही, किंवा झालं तरी नंतर रडतं.

ग्रुपमध्ये पीसीआय ब्रिज दिसला तर घाबरू नका, तो द्यायचा नसतो, तो राहू द्या. पण ग्रुपमध्ये एसएसडी किंवा लॅन कार्ड पण असेल तर अडचण आहे, कारण ग्रुपमधलं बाकी सगळं एकत्रच द्यावं लागतं. आधी कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून बघा, बायोस अपडेट करून बघा. एसीएस ओव्हरराइड नावाचा कर्नल पॅच लावायला लोक लगेच सांगतात, पण तो ग्रुप नुसते कागदावर वेगळे दाखवतो, खरी भिंत त्यानं उभी राहत नाही. दुकानाचा हिशोब ज्या पीसीवर आहे तिथं मी तो लावत नाही.

४. विंडोज आधी साध्या पद्धतीनं बसवा

कार्डाला अजून हातच लावायचा नाही. क्यूईएमयू (व्हीएम चालवतं), लिबव्हर्ट (त्याला सांभाळतं), व्हर्ट-मॅनेजर (त्याची खिडकी), ओव्हीएमएफ (व्हीएमचं यूईएफआय) टाका, विंडोज ११ साठी टीपीएमचं एसडब्ल्यूटीपीएम पण. व्हीएम बनवताना 'इन्स्टॉलच्या आधी बदल करायचेत' ही खूण करायची आणि मग:

- चिपसेट क्यू३५, फर्मवेअर यूईएफआय. हे दोन नंतर बदलता येत नाहीत असंच समजा, इन्स्टॉल झालेलं विंडोज मग बूट होत नाही.
- सीपीयू 'होस्ट-पासथ्रू', आणि टोपोलॉजीमध्ये सॉकेट १ ठेवून कोअर वाढवा. आपोआप सोडलं तर कधीकधी आठ सॉकेट एक कोअर असलं काहीतरी होतं आणि विंडोज होम एकच सॉकेट वापरतं, म्हणजे आठ दिले तरी एकावर चालणार.
- डिस्क व्हर्टआयओ (व्हीएमसाठीचा वेगवान प्रकार), सोबत व्हर्टआयओ-विन ची आयएसओ दुसरी सीडी म्हणून. इन्स्टॉल करताना डिस्क दिसणार नाही, 'लोड ड्रायव्हर' करून त्या सीडीतून घ्यायची.
- रॅम १६ जीबी असेल तर व्हीएमला १० ते १२. जेवढी द्याल तेवढी व्हीएम सुरू होताना पूर्ण अडकते, कमीजास्त होत नाही, म्हणून १५ देऊन लिनक्सचा गळा दाबू नका.

विंडोज बसलं की त्यात रिमोट डेस्कटॉप चालू करा. होम एडिशनमध्ये ते मिळत नाही, तिथं एखादा व्हीएनसी सर्व्हर टाका. आणि विंडोजचं स्लीप, हायबरनेट, फास्ट स्टार्टअप हे तिन्ही बंद. विंडोज झोपलं आणि कार्ड त्याच्याकडंच राहिलं तर मोबाईलशिवाय उठवायला काही मार्ग उरत नाही.

तपासा: व्हीएम चालू असताना मोबाईलवरून विंडोजची स्क्रीन दिसते का. कार्ड दिल्यावर चित्र आलं नाही तरी विंडोज जिवंत आहे का मेलंय हे यावरूनच कळणार आहे.

५. कार्डाची रॉम फाईल: कुणाला लागते, कुणाला नाही

रॉम म्हणजे कार्डाचा स्वतःचा बायोस. एएमडी कार्ड असेल तर आधी रॉमशिवाय करून बघा, बहुतेक वेळा लागत नाही. एनव्हीडियाचं जुनं कार्ड, म्हणजे १० सिरीज किंवा त्याआधीचं, असेल तर लागायची शक्यता जास्त, कारण पीसी चालू होताना बायोसनं तेच कार्ड वापरलेलं असतं आणि व्हीएमला कार्डाचा मूळ रॉम नीट वाचता येत नाही.

रॉम तुमच्याच कार्डाचा काढा. खऱ्या विंडोजमध्ये जीपीयू-झेड चालवून तो सेव्ह करता येतो. एनव्हीडियाच्या अशा फाईलला वर एक जास्तीचा भाग चिकटलेला असतो, तो कापावा लागतो. हेक्स एडिटरमध्ये 'व्हिडिओ' हा इंग्रजी शब्द शोधा, तिथून वर येत ५५ एए ही जोडी जिथं सापडेल त्याच्या आधीचं सगळं उडवा, ५५ एए पासून पुढचं ठेवा आणि वेगळ्या नावानं सेव्ह करा. मूळ फाईल जपून ठेवा.

सावध: ही फाईल कार्डात फ्लॅश करायची नाही! ती नुसती व्हीएमला दाखवायची असते. एका पोरानं दुसऱ्याच कंपनीच्या कार्डाचा रॉम उतरवून फ्लॅश करायची तयारी केली होती, वेळेवर फोन केला म्हणून कार्ड वाचलं.

६. स्क्रिप्ट: खरं काम इथं आहे

लिबव्हर्ट व्हीएम सुरू व्हायच्या आधी आणि पूर्ण बंद झाल्यावर एक फाईल आपोआप चालवतं. 'ईटीसी' मध्ये 'लिबव्हर्ट', त्यात 'हुक्स', त्यात 'क्यूईएमयू' नावाची फाईल, पुढं कसलंही एक्स्टेंशन नाही. तिला पहिला शब्द मिळतो व्हीएमचं नाव, दुसरा मिळतो 'प्रिपेअर' किंवा 'रिलीज' असा टप्पा. आपण एवढंच लिहायचं, की नाव आपल्या व्हीएमचं आणि टप्पा 'प्रिपेअर' असेल तर सोडायची स्क्रिप्ट चालव, 'रिलीज' असेल तर परत घ्यायची. नाव हुबेहूब पाहिजे, कॅपिटल-स्मॉल सकट, 'विन११' आणि 'विन-११' यात फरक आहे. सगळ्या फायलींना एक्झिक्युटची परवानगी द्या आणि हुकची फाईल पहिल्यांदा टाकली की लिबव्हर्टची सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाहीतर त्याला ती दिसतच नाही.

सोडायची स्क्रिप्ट, याच क्रमानं:

पहिले सगळं आउटपुट एका लॉग फाईलमध्ये जाईल अशी ओळ, कारण स्क्रीन काळी असताना चूक कुठं झाली हे तिथंच वाचायला मिळतं. मग डिस्प्ले-मॅनेजर बंद आणि तो खरंच बंद झाला का याची वाट बघणारा लूप. मग 'व्हीटीकन्सोल' मधल्या ज्यांच्या नावात 'फ्रेम बफर' आहे त्यांच्या 'बाइंड' मध्ये ०. मग ईएफआय-फ्रेमबफर सोडवणं, पण ती फाईल असेल तरच, नव्या कर्नलवर बऱ्याचदा ती नसतेच आणि जुन्या स्क्रिप्ट तिथंच अडखळतात. मग दोन-तीन सेकंद दम धरायचा. मग एनव्हीडियाची मॉड्यूलं (ड्रायव्हरचे तुकडे) या क्रमानं उतरवा: ड्रम, मोडसेट, यूव्हीएम, आणि सगळ्यात शेवटी मूळ एनव्हीडिया. शेवटी 'व्हीएफआयओ-पीसीआय' चढवा.

मॉड्यूल उतरलं का हे स्क्रिप्टनंच तपासलं पाहिजे. नसेल उतरलं तर डिस्प्ले-मॅनेजर परत चालू करायचा आणि 'एक्झिट १' करून बाहेर पडायचं, तसं केलं की लिबव्हर्ट व्हीएम सुरू करायचं थांबवतं आणि तुमचा डेस्कटॉप परत येतो. ही दोन ओळींची तपासणी मी सुरुवातीला ठेवली नव्हती. ड्रायव्हर अडकलेला असताना लिबव्हर्ट कार्ड ओढायला गेलं आणि एसएसएचवरून काहीच मारता येईना, शेवटी मला पण बटणच दाबावं लागलं, रीस्टार्टला डिस्क तपासणीत वीस मिनिटं गेली.

'मॉड्यूल वापरात आहे' असं आलं तर कोण वापरतंय ते बघा. एनव्हीडिया-पर्सिस्टन्सडी ही सर्व्हिस असते, तिला आधीच बंद करायची ओळ टाका. नाहीतर ओलामा (एआय चालवायचा प्रोग्राम), डॉकरचा एखादा कंटेनर, आरजीबी लाईटचा प्रोग्राम. 'फ्यूजर' कमांडला 'डेव्ह' मधल्या एनव्हीडिया नावाच्या फायली दिल्या की कोण धरून बसलंय त्याचा नंबर मिळतो.

आणखी एक चूक, आणि ही फार पसरलेली आहे. बऱ्याच तयार स्क्रिप्टमध्ये आतूनच 'वर्श नोडडेव्ह-डिटॅच' चालवलेलं असतं ('वर्श' ही लिबव्हर्टची कमांड). लिबव्हर्टचं स्वतःचं म्हणणं आहे की हुकमधून परत लिबव्हर्टला हाक मारू नका, कारण ते तुमची स्क्रिप्ट संपायची वाट बघत असतं आणि तुम्ही त्याची, मग दोघं एकमेकांकडं बघत बसतात. कुणाचं चालतं, कुणाचं लटकतं. गरजच नाही त्याची. व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये (त्याची सेटिंग फाईल) कार्डाला 'मॅनेज्ड यस' असलं की कार्ड काढून व्हीएफआयओला देणं ते स्वतः करतं, व्हर्ट-मॅनेजरमधून जोडलं तर ते 'यस' च असतं.

परत घ्यायची स्क्रिप्ट उलटी: व्हीएफआयओ उतरवा, एनव्हीडियाची मॉड्यूलं चढवा, कन्सोलच्या 'बाइंड' मध्ये १, आणि सगळ्यात शेवटी डिस्प्ले-मॅनेजर. घाईत डिस्प्ले-मॅनेजर आधी सुरू केला तर त्याला कार्ड सापडत नाही.

तपासा: व्हीएम न लावता मोबाईलवरून नुसती सोडायची स्क्रिप्ट चालवा, मग परत घ्यायची. असं लागोपाठ तीन वेळा डेस्कटॉप परत आला तरच सातवर जा.

७. आता कार्ड जोडा

व्हीएम बंद ठेवून व्हर्ट-मॅनेजरमध्ये कार्डाचे सगळे भाग 'पीसीआय होस्ट डिव्हाइस' म्हणून जोडा. रॉम लागत असेल तर त्या फाईलचा पत्ता एक्सएमएलमध्ये चित्राच्या भागाखाली टाका, आणि फाईल तुमच्या होम फोल्डरात ठेवू नका, उबंटूचं ॲपआर्मर आणि फेडोराचं एसईलिनक्स तिथून वाचू देत नाहीत. उबंटूवर 'यूएसआर-शेअर' मध्ये 'व्हीजीएबायोस' फोल्डर करून तिथं, फेडोरावर 'व्हार-लिब-लिबव्हर्ट' च्या आत.

स्पाइस आणि क्यूएक्सएल (व्हीएमची नकली स्क्रीन) काढून टाका, व्हिडिओ 'नन'. कीबोर्ड-माउस यूएसबी होस्ट डिव्हाइस म्हणून द्या, हे विसरलात तर विंडोज समोर दिसेल पण हात बांधलेले. हेडफोन यूएसबीचा असेल तर तो पण.

एनव्हीडियाचा 'कोड ४३' (विंडोजनं कार्ड बंद पाडल्याची चूक) घालवायला केव्हीएम, म्हणजे आपण व्हीएममध्ये आहोत हे, लपवायचे जे उपाय सांगतात ते जुने आहेत, २०२१ मध्ये आलेल्या ४६५ ड्रायव्हरपासून कंपनीनं जीफोर्सला व्हीएममध्ये चालायची मुभा दिलीय. आता ४३ आला तर आधी रॉम तपासा.

८. पहिल्यांदा सुरू करताना

व्हर्ट-मॅनेजरमधून नको, मोबाईलवरून 'वर्श स्टार्ट' द्या. दुसऱ्या टर्मक्स खिडकीत 'डीमेसेज' (कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड) ला डब्ल्यू लावून चालू ठेवा. स्क्रीन काळी पडेल. हात बटणाकडं नेऊ नका, दोन मिनिटं थांबा.

काहीच आलं नाही तर या क्रमानं बघा. लॉग फाईल कुठल्या ओळीवर थांबली? 'एलएसपीसीआय' मध्ये कार्डापुढं 'व्हीएफआयओ-पीसीआय' लिहून येतंय का? येत असेल तर सोडायचं काम झालंय, दोष पुढचा आहे. मग रिमोट डेस्कटॉपनं विंडोजमध्ये जाता येतं का बघा, जाता आलं तर आत जाऊन कार्डाचा ड्रायव्हर टाका, बऱ्याचदा तेवढंच बाकी असतं आणि ड्रायव्हर बसता बसता मॉनिटर लागतो. विंडोज पण उठत नसेल तर रॉमकडं परत.

९. परत येताना

विंडोज आतून शटडाउन करा, डेस्कटॉप परत यायला पाहिजे. एएमडीच्या काही कार्डांना, म्हणजे आरएक्स ५८०, वेगा, ५७०० यांसारख्या, इथं दुखणं आहे, एकदा वापरलं की कार्ड नीट रीसेट होत नाही आणि पीसीच रीस्टार्ट करावा लागतो. त्यांच्यासाठी 'व्हेंडर-रीसेट' नावाचं मॉड्यूल आहे, आणि कर्नल ५.१५ पासून पुढं कार्डाच्या 'रीसेट-मेथड' फाईलमध्ये 'डिव्हाइस-स्पेसिफिक' लिहावं लागतं, नुसतं मॉड्यूल टाकून भागत नाही. सेकंडहँड कार्ड घेणार असाल तर हे घ्यायच्या आधी बघा.

सीपीयू पिनिंग, ह्यूजपेजेस हे सगळं नंतर. आठवडाभर रोज चालू-बंद करून बघा, मगच स्पीडच्या मागं लागा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

१०. लाईट गेली तर

आमच्याकडं उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि साधा यूपीएस पाच-दहा मिनिटंच दम धरतो. या पद्धतीत विंडोज आणि लिनक्स दोघांनाही नीट बंद करायचंय, तेवढ्यात ते होतं, पण आधी ठरवून ठेवलं तर. मोबाईलवर टर्मक्समध्ये एक छोटी स्क्रिप्ट ठेवा: 'वर्श शटडाउन' देते, व्हीएम बंद झालं का हे दर पाच सेकंदांनी बघते आणि मग लिनक्स 'पॉवरऑफ' करते. राउटर पण त्याच यूपीएसवर पाहिजे, नाहीतर लाईट गेली की मोबाईलचा रस्ताच बंद. जालन्याच्या दुकानात आम्ही राउटरची पिन तेव्हाच यूपीएसमागं लावली आणि मेन स्विच पाडून दोनदा करून बघितलं, दुसऱ्या वेळेला तीन मिनिटांत दोन्ही बंद झाले.